फारशी काव्याचीं तारवें

ज्या घरांत संस्कृताचा थोडाबहुत राबता आहे त्या घरीं सुभाषितांचा एखादा संग्रह कपाटांत असतोच. मुलांकडून श्लोक पाठ करवून घ्यावयाचे असले, किंवा एखाद्या मंगलप्रसंगीं चार ओळी हव्या असल्या, कीं तो खालीं काढतात आणि काम झालें कीं परत ठेवून देतात. हा संग्रह कोणीं केला, आणि केला नसता तर काय झालें असतें, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. शीलाभट्टारिकेचें नांव आज आपण आदरानें घेतों; पण तिच्या काव्याचा स्वतंत्र ग्रंथ म्हणून कांहींहि शिल्लक नाहीं. जे थोडे श्लोक तिचे म्हणून ओळखूं येतात ते संग्रहकारांनीं टिपून ठेवले म्हणून. देवगिरीच्या कृष्णदेव यादवाचा गजसेनापति जल्हण याच्या नांवें इ. स. १२५८ त सूक्तिमुक्तावली सिद्ध झाली. ज्यांचें दुसरें कांहींहि राहिलें नाहीं अशा कितीतरी कवींचीं व कवयित्रींचीं मुक्तकें तींत राहिलीं आहेत.

देवगिरीस हें काम पुरें झालें त्याच सालीं हुलागूच्या मोंगल फौजेनें बगदाद लुटलें. त्यापूर्वींच चंगीझच्या स्वारींत इराणच्या पूर्वेकडील मोठमोठीं शहरें ग्रंथालयांसह बेचिराख झालीं होतीं. फारशी कवितेची जी हानि त्या शतकांत झाली तिची मोजदाद आतां होणें नाहीं; पण एका उदाहरणावरून तिची कल्पना येते. फारशीचा आदिकवि म्हणून ज्याला मान देतात तो रूदकी इ. स. ९४१ च्या सुमारास वारला. त्याच्या कवितेची संख्या जुने लेखक लाखांनीं सांगतात. तो आकडा फुगविलेला आहे असें धरलें, तरी आज हातीं असलेल्या पंक्ति हजाराच्या घरांतल्या आहेत. त्याहि सलग नाहींत. कोशकारानें शब्दाचा अर्थ दाखविण्यासाठीं घेतलेली एखादी द्विपदी, इतिहासकारानें उतरून घेतलेला एखादा कसीदा, आणि बाकीचें संग्रहांतून वेंचलेलें, असा तो सगळा प्रपंच आहे.

पहिल्या फळीचा जो कविचरित्रसंग्रह आज उपलब्ध आहे तो तर आपल्याच देशाच्या आश्रयानें तयार झाला. बुखाऱ्याकडचा मुहम्मद औफी मोंगलांपुढें पळत सिंधप्रांतीं आला, आणि नासिरुद्दीन कुबाचाच्या दरबारीं राहून १२२१ च्या सुमारास त्यानें ‘लुबाब-उल-अल्बाब’ लिहिला. कवीचे दोन शब्द आणि मग त्याच्या कवितेचे नमुने, अशी त्याची मांडणी आहे. घरदार सोडून आलेल्या माणसानें गांवाकडील मंडळींचीं नांवें आठवून आठवून लिहून काढावीं, तसा हा ग्रंथ आम्हांस वाटतो. केंब्रिजचे प्रो. ब्राउन यांनीं तो १९०३ व १९०६ या सालीं दोन भागांत छापून काढला तेव्हां त्यांना त्याचीं दोनच हस्तलिखितें मिळालीं होतीं. तीं दोन वाळवीनें खाल्लीं असतीं, तर त्यांतल्या कित्येक कवींना दुसरा साक्षीदार उरला नसता.

आतां या संग्रहांचे प्रकार सांगितले पाहिजेत. एका कवीच्या कविता यमकाच्या अक्षरानुक्रमानें लावल्या कीं त्याला ‘दिवाण’ म्हणतात. अनेकांच्या कविता एकत्र केल्या कीं तो ‘मजमूआ’. ‘बयाज’ म्हणजे शब्दशः पांढरेपणा, अर्थात् कोरी वही. आवडेल तें त्यांत उतरून घ्यावयाचें. परंतु सर्वांत गोड नांव ‘सफीना’ हें होय. सफीना म्हणजे नौका. अशाच अर्थाचें दुसरें नांव ‘जुंग’. चिनी समुद्रांतल्या मोठ्या गलबतांना जो शब्द लावतात तोच हा, असें सांगतात. सफीना लांबट व अरुंद असे. त्याची शिवण लांब बाजूस नसून अरुंद बाजूस असे, म्हणून तो आपल्या पुस्तकाप्रमाणें आडवा न उघडतां वर उलटावयाचा. अंगरख्याच्या बाहींत तो सहज मावे; मैफलींत, बागेंत किंवा प्रवासांत बरोबर नेण्यास सोयीचा. आमच्याकडील मठांतून व कीर्तनकारांच्या घरांतून जीं बाडें निघतात, त्यांचें नातें पोथीपेक्षां या सफीन्याशीं जवळचें आहे. तींहि शिवलेलीं, हातांत बसणारीं, आणि अभंगाशेजारीं आरती, तिच्याखालीं एखाद्या औषधाचा पाठ, असा त्यांचाहि संसार मिश्रच.

राजेरजवाड्यांनींहि असे संग्रह करविले, आणि रंगीत चित्रांच्या पुस्तकांतून त्यांचेंच कौतुक अधिक होतें. तैमूरचा नातू इस्कंदर सुलतान शिराजला सुभेदार असतांना १४१०-११ त त्यानें करविलेला एक संग्रह लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहे. उंचीला पुरती वीतभर नाहीं, पण पानें पांचशेंवर. मधल्या चौकटींत एक ग्रंथ, समासांत तिरक्या ओळींनीं दुसरा. काव्याबरोबर भूमिति, ज्योतिष आणि धर्मशास्त्रहि त्यांत आहे. त्याचाच भाऊबंद लिस्बनच्या गुल्बेंकियन संग्रहांत आहे. एवढी विद्या खिशांत बाळगणाऱ्या या राजपुत्राचे डोळे १४१४ त त्याच्याच कुळांतल्या माणसांनीं काढले, आणि पुढच्या वर्षीं त्याचा वध झाला. ग्रंथ मात्र अजून डोळ्यांचें पारणें फेडीत आहेत.

आमचा ओढा साध्या कागदाच्या संग्रहांकडे आहे, आणि त्यांतहि तब्रीज शहराच्या एका गृहस्थाकडे. चौदाव्या शतकाच्या आरंभीं तब्रीज ही मोंगल बादशहांची राजधानी होती. त्यांचा वजीर रशीदुद्दीन हा मोठा इतिहासकार. आपले ग्रंथ नष्ट होऊं नयेत म्हणून त्यानें शहराबाहेर एक स्वतंत्र पेठ वसविली, तिला उत्पन्न लावून दिलें, आणि दरसाल आपल्या ग्रंथांच्या नव्या प्रती करून निरनिराळ्या शहरीं पाठवाव्या अशी लेखी व्यवस्था केली. माणसाच्या हातून होण्याजोगा बंदोबस्त याहून अधिक तो कोणता? १३१८ त त्याला ठार करण्यांत आलें आणि ती पेठ लुटली गेली. पुढें मुलाची गत तीच झाली व पेठ पुन्हां लुटली गेली.

या पहिल्या लुटीस चारपांच वर्षें होतात न होतात तोंच त्याच शहरांत अबुल-मज्द मुहम्मद नांवाचा एक विद्याव्यासंगी गृहस्थ स्वतःच्या घरीं एक वही लिहीत बसला होता. १३२१ ते १३२३ या काळांत त्यानें आपल्या हातानें लहानमोठे २०९ ग्रंथ व प्रकरणें एकाच पुस्तकांत उतरलीं. काव्य, व्याकरण, तर्क, ज्योतिष, वैद्यक, धर्म, सगळें त्यांत आहे. त्यानें स्वतः निवडलेल्या पांचशें रुबायांचा एक संग्रहहि त्यांत आहे, आणि विशेष म्हणजे आपल्या गुरूच्या तोंडून ऐकलेल्या व्याख्यानांचीं टिपणें आहेत. जन्मभर वर्गांत बोललों त्यांतलें कोणीं काय टिपून ठेवलें असेल, हा विचार आमच्यासारख्या पेन्शनर मास्तराच्या मनांत हें वाचतांना डोकावल्यावांचून राहत नाहीं. असो. वजिराची पेठ गेली, बादशाही गेली, आणि हें घरगुती पुस्तक सहाशें सत्तर वर्षें कोणाच्या ना कोणाच्या घरीं राहून १९९५ त तेहरानच्या पार्लमेंटच्या ग्रंथालयांत उजेडांत आलें. २००३ मध्यें त्याची जशीच्या तशी छायाप्रत छापली गेली. ‘सफीना-ए-तब्रीज’ या नांवानें तें आज ओळखलें जातें. त्यांतले कांहीं ग्रंथ असे आहेत कीं त्यांची दुसरी प्रत कोठेंहि नाहीं.

याच तऱ्हेचें दुसरें पुस्तक ‘नुज्हत-उल-मजालिस’. कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेस शिर्वान म्हणून जें राज्य होतें तेथील जमाल खलील नांवाच्या गृहस्थानें तेराव्या शतकाच्या मध्यास सुमारें तीनशें कवींच्या चार हजारांहून अधिक रुबाया यांत गोळा केल्या. रुबाई म्हणजे चार चरणांचें मुक्तक. हें आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाहीं. या ग्रंथाची एकच प्रत जगांत आहे. ती १३३१ त लिहिलेली असून इस्तंबूलच्या सुलेमानिया ग्रंथालयांत आहे. संपादन होऊन ग्रंथ छापला गेला तो १९८७ त, तेहरान येथें. त्यांतल्या पुष्कळ कवींची दरबाराशीं ओळख नव्हती. त्यांच्या नांवांपुढील व्यवसाय पाहावे तर कोणी पखालजी, कोणी खोगीर करणारा, कोणी रजया शिवणारा. गांवच्या मैफलींत यांनीं चार चरण म्हणून दाखविले असतील, लोकांनीं वाहवा केली असेल आणि घरोघर गेले असतील. यांचे दिवाण कोण करणार, आणि केले तरी जपणार कोण?

याच ग्रंथांत महसती नांवाच्या गंजा शहरच्या कवयित्रीच्या साठ रुबाया आहेत. ही बाई बाराव्या शतकांतली. खाटीक, शिंपी, टोपीवाला अशा बाजारांतल्या तरुण कारागिरांवर तिच्या खेळकर रुबाया प्रसिद्ध आहेत. पुढें तिच्या नांवाभोंवतीं एक अद्भुत प्रेमकथा रचली गेली आणि बाई कथेंतली कीं इतिहासांतली हेंच कळेनासें झालें. तिच्या कवितेला आधार म्हणून जे जुने कागद दाखवितां येतात त्यांत इस्तंबूलच्या या प्रतीचें वजन मोठें आहे. शीलाभट्टारिकेची जी गत, तीच हिची.

येथपर्यंत या संग्रहांची स्तुति झाली. परंतु घोटाळाहि यांनींच केला आहे, आणि तो कसा होतो हें पाहण्यासारखें आहे. संस्कृत संग्रहांत एका कवीचे दोन श्लोक लागोपाठ आले कीं दुसऱ्याखालीं ‘तस्यैव’ असें लिहितात, व कर्ता ठाऊक नसला तर ‘कस्यापि’. फारशी लेखकहि नेमकें हेंच करतो. त्याचा शब्द ‘वलहु’, म्हणजे ‘आणि हेंहि त्याचेंच’. आतां समजा, नकल करणारानें मधली एक रुबाई गाळली, किंवा मधलें एक पान गळून पडलें. लगेच ‘त्याचेंच’ मधला ‘तो’ बदलला! दुसरी अडचण तांबड्या शाईची. मजकूर काळ्या शाईनें आधीं लिहून घ्यावयाचा, कवींच्या नांवांपुरत्या जागा कोऱ्या ठेवावयाच्या आणि मागाहून त्या तांबड्या शाईनें भरावयाच्या, अशी रीत होती. भरतांना एक घर चुकलें कीं पुढचीं सगळीं नांवें एकेक घर सरकलीं; आणि भरावयाचीं राहूनच गेलीं तर पुढच्या वाचकानें आपल्या अंदाजानें भरलीं. दिवाणाच्या मानानें संग्रहांत या चुकांना वाव अधिक.

या घोटाळ्याचा सर्वांत मोठा लाभार्थी, किंवा बळी म्हणा, उमर खय्याम. मराठींत त्याचा परिचय माधव जूलियन यांनीं करून दिला. ते फारशीचे प्राध्यापक होते. त्यांचा फार्शी-मराठी कोश १९२५ सालचा, आणि रुबायांवर त्यांचा लोभ अखेरपर्यंत होता. इंग्रजींत फिट्झजेरल्ड यांचें १८५९ सालचें पुस्तक प्रसिद्धच आहे. त्यांच्यापुढें मुख्यतः दोन हस्तलिखितें होतीं: एक ऑक्सफर्डचें, शिराजला १४६० च्या सुमारास लिहिलेलें, १५८ रुबायांचें, दुसरें कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटींतलें, ५१६ रुबायांचें. खय्याम वारला ११३१ च्या सुमारास. म्हणजे त्यांतलें जुनें हस्तलिखितसुद्धां त्याच्या मागून सव्वातीनशें वर्षांचें! पुढें लखनौच्या शिळाछापांत रुबायांची संख्या साडेसातशेंच्या वर गेली. मेलेल्या कवीची कविता दर शतकास वाढत जावी, हा चमत्कार विचार करण्यासारखा होता. रशियन पंडित झुकोव्स्की यांनीं १८९७ त दाखवून दिलें कीं खय्यामच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या रुबायांपैकीं ८२ इतर कवींच्या नांवांवरहि सांपडतात. या बेवारशी रुबायांना त्यांनीं ‘भटक्या’ असें नांव दिलें, आणि तें रूढ झालें.

मग खरा खय्याम शोधावा कोठें? त्याचें उत्तर त्याच्या नांवाच्या सुंदर दिवाणांत नाहीं, परक्यांच्या वह्यांत आहे. नुज्हतमध्यें त्याच्या नांवावर ३३ रुबाया आहेत. १३४१ त इस्फहानला झालेल्या ‘मूनिस-उल-अहरार’ या संग्रहांत १३. त्याहून जुने आधार एकेक दोनदोन रुबायांचे आहेत. एक गोष्ट येथें ध्यानांत घेण्यासारखी आहे. नुज्हतचीं प्रकरणें कवींवर नसून विषयांवर पाडलेलीं आहेत, आणि त्यांतल्या एकाचा विषयच ‘खय्यामच्या धर्तीच्या कल्पना’ असा आहे. म्हणजे तेराव्या शतकांतच खय्याम हा माणसाबरोबर एक प्रकारहि झाला होता. क्षणभंगुर जीवित आणि मातीचा घट यांवर कोणींहि चार चरण रचावे, आणि कालांतरानें ते खय्यामच्या खात्यावर जमा व्हावे! आपल्याकडे ज्ञानाच्या चार गोष्टी सांगणारा प्रत्येक निनावी श्लोक भर्तृहरीचा होतो, तसेंच हें.

जेथें मागणी तेथें पुरवठा होतोच. १९४९ त प्रो. आर्बेरी यांनीं चेस्टर बीटी यांच्या संग्रहांतील खय्यामचें एक हस्तलिखित प्रसिद्ध केलें. त्यावर साल हिजरी ६५८, म्हणजे इ. स. १२५९-६०, रुबाया १७२. तीन वर्षांनीं केंब्रिजच्या ग्रंथालयांत आलेल्या त्याहूनहि जुन्या हस्तलिखिताचें भाषांतर त्यांनीं काढलें. त्यावर साल हिजरी ६०४, इ. स. १२०७, रुबाया २५२. विद्वानांत आनंदीआनंद झाला. पुढें इराणी व युरोपीय पंडितांनीं कसून तपास केला तेव्हां दोन्ही हस्तलिखितें विसाव्या शतकांत बनविलेलीं ठरलीं. लबाडी करणारानें लबाडी केली ती ‘खय्यामच्या संपूर्ण रुबाया’ करून; कारण बाजारांत किंमत त्यालाच होती. शिर्वानच्या जमाल खलीलला सातशें वर्षांनंतरच्या गिऱ्हाइकाची कल्पना नव्हती. तेहतीसच्या तीनशें करून त्याला मिळणार तें काय? त्याची साक्ष आम्हांस अधिक मोलाची वाटते ती यामुळें.

हाफिजाची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याच्या कवितेचें मोल त्याच्या हयातींतच सर्वांना कळलें होतें. तरी त्यानें स्वतः आपला दिवाण लावला नाहीं. तें काम त्याच्या मागून स्नेह्यांनीं केलें. अहमदनगर व विजापूर दरबारीं राहिलेला इतिहासकार फरिश्ता लिहितो कीं, बहामनी सुलतानानें हाफिजाला दक्षिणेंत येण्याचें आमंत्रण धाडलें. हाफिज होर्मुझ बंदरापर्यंत आला, गलबतावर चढला, तोंच वादळ सुटलें. कवि घाबरून खालीं उतरला, सुलतानाला एक गझल पाठविली आणि शिराजला परत गेला. लांकडी नौकेचें भय घेतलेल्या या माणसाची कविता तरली ती मात्र कागदी सफीन्यांवर. शिराजच्या ताजुद्दीन अहमद वजीर नांवाच्या गृहस्थाची १३८०-८१ सालची बयाज आहे. गांवांतल्या विद्वान मंडळींकडे वही पाठवून प्रत्येकाकडून त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरांत कांहींतरी लिहवून घ्यावें, असा त्याचा छंद होता. हाफिज हयात असतांना लिहिलेल्या या वहींत त्याचें काव्यहि आढळतें. तिची छायाप्रत इस्फहानला १९७४ मध्यें निघाली. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत अला मरंदी नांवाच्या माणसाची आणखी एक बयाज आहे. १३८९-९० च्या सुमाराची, म्हणजे हाफिजाच्या अगदीं अखेरच्या दिवसांतली. तींत त्याच्या सुमारें पन्नास गझला आहेत. ती तेथें ठेवलेली होती, पण तींत काय आहे हें ओळखून छापून काढण्यास २००८ साल उजाडावें लागलें. खानलरी यांनीं चौदा जुन्या हस्तलिखितांवरून हाफिजाचा जो दिवाण शुद्ध केला, त्या चौदांतहि इस्कंदर सुलतानाच्या लंडनच्या संग्रहासारखे संग्रह आहेत. एकाच गझलेंत द्विपद्या कमीअधिक, क्रम मागेंपुढें, शब्द वेगळे. कित्येक ठिकाणीं हा फरक लेखकाच्या चुकीचा नसून हाफिजानेंच आपली गझल पुनःपुन्हां घांसल्याचा असावा, असें जाणते म्हणतात, आणि आम्हांस तें पटतें.

वर ज्या मूनिस-उल-अहरारचा उल्लेख आला त्याविषयीं दोन शब्द लिहून थांबतों. नांवाचा अर्थ ‘मोकळ्या मनाच्या लोकांचा सोबती’. जाजर्म गांवचा मुहम्मद हा त्याचा कर्ता. त्याचा बापहि कवि होता, आणि मुलानें बापाची कविता संग्रहांत भक्तीनें घातली आहे. प्रकरणें तीस, कवि सुमारें दोनशें, आणि सुदैवानें कर्त्याच्या हातची प्रतच शिल्लक आहे. एकोणतिसाव्या प्रकरणांत मोठी मौज आहे. तेथें अशी एक कविता आहे कीं तिच्यांत जी जी वस्तु येते तिचें चित्र शेजारींच काढलेलें आहे. दुसरी कविता आपल्या पंचांगवाल्या घरांना जवळची वाटेल: चंद्र कोणत्या राशीस असतां कोणतें काम करावें व कोणतें टाळावें हें तींत पद्यांत सांगितलें असून राशींचीं चित्रें दिलीं आहेत. पण चित्रें असणें हेंच त्या पानांना भोंवलें. व्यापाऱ्यांच्या हातीं ग्रंथ गेल्यावर तीं सुटीं झालीं. ग्रंथाचा मुख्य भाग आज कुवेतच्या दार-उल-आसार संग्रहांत आहे, आणि सुटीं पानें अमेरिकेंत न्यूयॉर्क, क्लीव्हलंड, प्रिन्स्टन व हार्वर्ड येथें. १९९४ सालीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानें या चित्रांचें प्रदर्शन भरविलें व त्यावर एक पुस्तक काढलें. साडेसहाशें वर्षांपूर्वीं एका वहींत असलेला तो चंद्राचा प्रवास त्या छापील पुस्तकांत पुन्हां शेजारशेजारच्या पानांवर पाहावयास मिळतो.